खोडरबरांचा डबा

शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात आमच्या शाळेतले गणिताचे जुने सर वर्गावर्गातून फिरून मुलांचे खोडरबर गोळा करत. पांढरे, हिरवे, अर्धे चावलेले, अत्तराच्या वासाचे, पेन्सिलीच्या टोकाला बसवलेले. सगळे बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जात आणि डबा त्यांच्या टेबलाच्या खणात. एप्रिलमध्ये ज्याला आपला खोडरबर ओळखता येईल त्यानं तो परत न्यावा, असा नियम होता. एप्रिलमध्ये मात्र कुणालाच आपला ओळखता येत नसे. त्यामुळं डबा वर्षावर्षानं जड होत गेला होता आणि खण उघडायला दोन हात लागत.

पालक तक्रार घेऊन येत. एक बाई एकदा शेतातूनच तशी आली होती, डोक्याचा टॉवेलही सोडला नव्हता.

"सर, पोरीची वही बघा की. नुसत्या काट मारल्यात. कुणा पाव्हण्याला दाखवायची सोय न्हाय."

"वही पाव्हण्यासाठी हाय व्हय?" सर म्हणाले. "पोरगी कुठनं कुठं गेली ते मला दिसाय नको का? खोडलं की रस्ताच बुजला."

बाईला ते पटलं नाही. शाळेतही कुणाला पटलेलं नव्हतं. पण ते सगळ्यांत जुने शिक्षक, निवृत्तीला चारएक वर्षं राहिलेली, आणि मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर पडत. म्हणून त्यांचं सगळं खपून जाई.

शाळेचं नाव मी सांगत नाही. इंदापूर तालुक्यात, कळंबच्या आसपास कुठंतरी, एवढं पुरे. मी तिथं नववी-दहावीच्या गणिताला लागलो. मी गणिताचा शिक्षक झालो ही माझ्या शाळासोबत्यांना अजूनही चेष्टाच वाटते, आणि त्यांचं चुकत नाही. माझं सगळं गणित पाठांतराचं होतं. काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येई, पण त्रिकोण उलटा काढून त्याला पीक्यूआर म्हटलं की घाम फुटे. मी रीतसर पदवी घेतली, बीएड केलं, मुलाखत दिली, आणि या सगळ्यात मला गणित येतं का हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

बारामतीत खोली घेऊन राहत होतो. सकाळच्या एसटीनं शाळेला जायचं. पेपराच्या घडीत गाइड ठेवून त्या दिवशीची उदाहरणं घोकायची. कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्ता अडवत आणि गाडी गोगलगाईच्या चालीनं जाई. बाकीचे प्रवासी ट्रॅक्टरवाल्याच्या नावानं खडे फोडत. मी मनात त्याला दुवा देई. पहिला तास बुडाला तर बरंच.

आणि अशा माझ्या वर्गात, पंधराव्या की सोळाव्या दिवशी, सर मागच्या बाकावर येऊन बसले.

ते आले ते कळलंच नाही. वर्गात जाताना ते चप्पल दाराबाहेर काढत. कुणी म्हणे, विद्येचं मंदिर म्हणून. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कुरकुर वाजत्यात. पोरं सावध व्हत्यात. सावध पोराचं काय बघायचं?" मी फळ्याकडं तोंड करून एक सिद्धता लिहीत होतो. अक्षर माझं सुरेख. वळलो तर मागच्या बाकावर दोन पोरांच्या मध्ये हे बसलेले, हात वर केलेला.

"सर, मला न्हाय कळलं."

पोरं खुदखुदली. मला वाटलं चेष्टा आहे. पण ते खरंच फळ्याकडं बोट दाखवत होते. "तिसऱ्या ओळीतनं चौथीत कसं आला?"

तिसऱ्या ओळीतून चौथीत मी गाइडमधून आलो होतो. दुसरा रस्ता मला ठाऊक नव्हता. मी तिसरी ओळ पुन्हा वाचली, जरा मोठ्यानं. मग चौथी वाचली. घंटा कधी होते याची वाट बघत मी खडूचे तुकडे करत उभा राहिलो.

"मलाबी न्हाय येत," ते उठत म्हणाले, "बघूया उद्या." आणि चपला हातात घेऊन निघून गेले.

पुढचा महिनाभर मला त्यांचा मनस्वी राग होता. हा माणूस मला उघडं पाडायला आला आहे, मुख्याध्यापकांनी पाठवला आहे, माझी नोकरी कायम होऊ द्यायची नाही, असं काय काय मी धरून चाललो होतो. दुपारी चहाला ते मला "सुप्याचं पाव्हणं" म्हणून हाक मारत, कारण माझं गाव सुपे. त्यातही मला टोमणा दिसे. एकदा म्हणाले, "पाव्हणं, तुमी लई सुंदर लिवता फळ्यावर." मी "थँक्यू" म्हणालो. संध्याकाळी एसटीत बसल्यावर मला कळलं की ते कौतुक नव्हतं.

पण शिक्षकांच्या खोलीत त्यांना बघत गेलो तसा राग जरा गोंधळला. एक तर ते सगळ्यांसमोर बोटांवर मोजत. हजेरीची बेरीज असो की सहलीची पोरं असोत, अंगठा पेरांवरून फिरवत, ओठ हलवत, निवांत मोजायचे. गणितात उभी हयात गेलेला माणूस. मला त्यांच्या वतीनं लाज वाटायची. मी एकदा धीर करून म्हणालो, "सर, मुलं बघतात." ते म्हणाले, "बघाय पायजेतच. मास्तरनं बोटं मोजली की पोरांची लाज जाती."

दुसरं म्हणजे, "सोपं आहे" हे दोन शब्द त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. तालुक्याहून एक साहेब तपासणीला आले होते, मूळचे भूगोलाचे शिक्षक. त्यांनी मुलांपुढं भाषण केलं. गणित हा अत्यंत सोपा विषय आहे, मुलं उगाच घाबरतात, वगैरे. सर उभे राहिले.

"सायेब, सोपा हाय तर तुमी भूगोलाला कशाला गेला?"

साहेब हसले, मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. नंतर मुख्याध्यापकांनी त्यांना खोलीत बोलावून झापलं. बाहेर आले तेव्हा मी दारातच होतो. मला म्हणाले, "सोपं म्हणू नये, पाव्हणं. ज्याला येत न्हाय त्याला दोनदा मार बसतो. एकदा येत न्हाय म्हणून, आन् एकदा सोपं असून येत न्हाय म्हणून."

हे ऐकून मला काय झालं ते सांगतो. मी मुतारीच्या मागं जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो. सातवीपासून मला कुणी ना कुणी "सोपं आहे रे" म्हणत आलं होतं, आणि मी मान हलवत आलो होतो. आता मी स्वतः तेच फळ्यासमोर उभं राहून म्हणत होतो, दिवसातून दहादा. भीती दडवायला तो शब्द फार सोयीचा पडतो.

मुलांचं उत्तर चुकलं तर ते "चूक" म्हणत नसत. "फाटा कुठं चुकला?" असं विचारत. आमच्याकडं गावापेक्षा फाटा महत्त्वाचा. एसटी फाट्यावर सोडते, पुढं तुम्ही आणि तुमचे पाय. "पोचलास की तू," ते पोराला म्हणायचे, "पण दुसऱ्याच गावाला पोचलास. चल, माघारी जाऊन फाटा बघू." मग दोघं काट मारलेल्या ओळी खालून वर वाचत बसायचे. एका पोराला चाळीस मिनिटं. तोवर बाकीचा वर्ग काय करी ते विचारू नका. शेजारच्या वर्गाच्या बाईंनी त्यावरून दोनदा लेखी तक्रार केली होती.

आता त्या यादीकडं येतो. ती टाळावी म्हणून मी इतका वेळ इकडचं तिकडचं सांगतोय हे मलाही कळतंय.

आमच्या शाळेच्या फाटकावर एक पाटी होती, "दहावीचा निकाल शंभर टक्के", आणि खाली वर्षं लिहिलेली. ती पाटी राखायची एक रीत होती. नववीची वार्षिक परीक्षा झाली की विषयशिक्षकांनी कच्च्या मुलांची नावं द्यायची. मग पालकांना बोलावून सांगायचं, की पोरगं नववीतच बसवावं लागेल, त्यापेक्षा दाखला घ्या, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा, वर्ष तरी वाचेल. पालकांना ते उपकारच वाटत. पोरगं शाळेतून जाई आणि पाटीवर पुढचं वर्ष चढे. सतरा नंबरला गेलेली पोरं पुढं परीक्षेला बसत की नाही हे कुणी बघायला जात नसे. आमच्याच शाळेत असं होतं असं नाही, पण मी दुसऱ्या शाळेचं कशाला बोलू?

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही वरून दडपण होतं. निकाल घसरला तर पोरं बारामतीच्या शाळांकडं वळणार, तुकडी जाणार, दोन शिक्षकांवर गदा. त्यात पहिला मी. हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. "गणिताची यादी परवा द्या," म्हणाले. "आणि पेन्सिलीनं लिहा. कुणाचा बाप भांडायला आला तर बदलता येतं."

मी पाच नावं लिहिली. त्यात एक आरती होती.

आरती खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसे. गोरटेली, हडकुळी, डावा तळहात वहीवर कायम पालथा. "कळलं का?" विचारलं की सगळ्यांत आधी मान हलवणारी. अशी मान मी ओळखायला हवी होती. तिच्या तीन उत्तरपत्रिका माझ्यासमोर होत्या. जुलैच्या, मागच्या इयत्तांच्या उजळणीच्या चाचणीत तिनं सगळी गणितं सोडवली होती आणि सगळी चुकली होती. सहामाहीत अर्धी सोडवली. वार्षिकला समास आखलेला, प्रश्नक्रमांक सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक, आणि पुढं काही नाही. मी शून्य दिलं होतं. शून्य द्यायला वेळ लागत नाही.

यादी वहीच्या पानावर लिहून मी शिक्षकांच्या खोलीत बसलो होतो. सर समोर येऊन बसले, पान स्वतःकडं वळवलं, वाचलं.

"ह्यातल्या कितींजवळ बसलात?"

"म्हणजे?"

"शेजारी. बाकावर."

एकाजवळही नाही, मी म्हणालो. सर खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढून फोडत बसले. मग म्हणाले, "दीस एकच हाय. एकीचंच व्हईल. चला, ह्या पोरीला बघू. तिची पयली चाचणी काढा, रिकामी नको. रिकाम्यात काय दिसणार?"

परीक्षा झालेली, शाळा नावाला भरत होती. वर्गात आरती आणि तिच्या दोन मैत्रिणी होत्या, मैत्रिणींना सरांनी झाडांना पाणी घालायला पाठवलं. आरतीच्या शेजारी बसले. मला म्हणाले, "तुमी मागं बसा. बोलायचं न्हाय." त्यांच्या नेहमीच्या मागच्या बाकावर मी बसलो. तिथून फळा किती लांब दिसतो हे मला तेव्हा कळलं.

जुलैची उत्तरपत्रिका तिच्यापुढं उघडली होती. माझ्या लाल फुल्या. एका कोपऱ्यात मी लिहिलेलं, 'पाया कच्चा'. बेरजेचं सोप्यात सोपं उदाहरण, १.५ + १.५. तिनं लिहिलं होतं २.१०.

"ह्ये कुठनं आलं?" सरांनी विचारलं.

आरतीच्या हाताचा पंजा सरकत सरकत त्या आकड्यावर आला. सर शेंगा फोडत राहिले. दाणे तिच्यापुढं मांडले, तिनं घेतले नाहीत. पाच मिनिटं गेली असतील. मला बसवेना. काहीतरी बोलावं, मदत करावी, "अगं सोपं आहे" असं अगदी जिभेवर आलं होतं. सरांना गप्प बसता येत असे. शिक्षकांत हे फार थोड्यांना येतं.

"मला शिकीव की," ते शेवटी म्हणाले. "मला न्हाय येत असं."

तिनं वर पाहिलं. मग फार हळू म्हणाली, "एक आन् पाच. आन् एक आन् पाच. दोन आन् धा झालं."

"बरं. आन् ह्ये?" त्यांनी पुढच्यावर बोट ठेवलं. २.२५ + १.३०. तिचं उत्तर ४.१५.

"पंचवीस आन् तीस, पंचावन्न. चाळीस झालं की एक. ऱ्हायलं पंधरा. दोन आन् एक तीन, आन् त्यो एक, चार."

"चाळिसालाच का?"

आरतीनं त्यांच्याकडं पाहिलं. इतक्या वयाच्या माणसाला हे ठाऊक नाही, याची तिला दयाच आली असावी. "चाळीस गुंठ्यांचाच एकर असतो की, सर."

सरांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"कुणी शिकिवलं?"

"आबांनी. आबांना लिवता येत न्हाय. त्यांच्या वहीत मीच लिवती. हिरीवरचा खोडवा ऊस एक पॉइंट वीस. म्हंजी दीड एकर. वढ्याकडचा पॉइंट तीस, म्हंजी पाऊण."

"मग आडीच कसं लिवशील?"

"दोन पॉइंट वीस," ती म्हणाली. आता तिचा आवाज जरा मोकळा झाला होता.

मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात तिची सगळी उत्तरपत्रिका पुन्हा तपासत होतो. एकूण एक उत्तर बरोबर होतं. तिच्या आबांच्या रानात सगळं बरोबर होतं. आणि मला हे माहीत नव्हतं असं नाही. सुप्याला आमच्या घरी, वडील आणि चुलते ज्वारीचं रान असंच बोलत. एक वीस, दोन तीस. मी नऊ वर्षांचा असताना मला असंच येत होतं, आणि ते मी शाळेच्या दाराबाहेर कधी काढून ठेवलं ते मला आठवतसुद्धा नव्हतं. आपलं आपण विसरलो, म्हणजे पोरीचं दिसायचं राहिलं.

सर तिला म्हणाले, "तुझं एकबी उत्तर चुकल्यालं न्हाय बग. तू आबांच्या रानातच चाललीस. शाळंचा फाटा निराळा हाय. हितं चाळिसाला न्हाय, शंभराला एक. आन् हितं पॉइंटम्होरं नुसता पाच आसला तर त्यो शंभरातला पन्नास. अर्दा."

तिनं दाणे बाजूला सारले. मग पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं, १.५ + १.५ = ३. पुढचं ३.५५. तिसरं. चौथं. हात वहीवरून कधी निघाला ते तिला कळलं नाही. सगळी झाल्यावर तिनं जुन्या उत्तरांकडं बघितलं आणि विचारलं, "सर, ही खोडू का?"

"न्हाय. ऱ्हाऊ देत. ती आबांची हायत."

उठता उठता ती म्हणाली, "ह्ये आदी कुणी सांगितलं का न्हाय?" ती मला उद्देशून म्हणाली नव्हती. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शिक्षकांच्या खोलीत आलो. यादी टेबलावर तशीच होती. मी म्हणालो, "दशांश सुटला सर, पण बीजगणित आहे, भूमिती आहे. दहावीत ती नापास झाली तर पाटी माझ्यामुळं जाईल. माझी नोकरी अजून कायम नाही."

ते हसले. "क्रिकेट बघता का, पाव्हणं? तीन पॉइंट पाच षटकं झाली, आणीक एक चेंडू टाकला. किती झाली?"

"चार."

"मग तितं तुमी कसं बरोबर? कुणी शेजारी बसून सांगितलं आसंल."

मग त्यांनी खण दोन्ही हातांनी ओढला, डबा वर काढला, टेबलावर ठेवून झाकण उघडलं. इतक्या वर्षांचे खोडरबर. त्यांनी बोटांनी चाळून एक हिरवा, कडक, कोपरे शाबूत असलेला निवडला आणि यादीच्या पानावर ठेवला.

"खोडा."

ज्या माणसानं उभ्या हयातीत एकाही पोराला एक आकडा खोडू दिला नाही, तो मला खोडा म्हणत होता.

"मी एकदा पेनानं लिवली हुती अशी यादी," ते म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. पुढचं मी विचारलं नाही.

मी आरतीचं नाव खोडलं. पेन्सिल दाबून लिहिलेली, त्यामुळं कागदावर वळ राहिला.

"चार ऱ्हायली," ते म्हणाले.

"तुम्ही बसा ना सर त्यांच्याजवळ. तुम्हाला जमतं."

"मी लई वरसं बसतोय. आता तुमी बसा. आजचा दीस हाय, उद्याची सकाळ हाय."

मला बसायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. पण त्यातला एक त्या दिवशी आलाच नव्हता. दोघं पाणी पाजायला रानात गेली होती, म्हणे. चौथा समोरच्या मैदानात खेळत होता. त्याला हाक मारली तर तो काय विचारील, आणि आपल्याला सांगता येईल का, या भीतीनं मी हाक मारली नाही. त्यापेक्षा निकालपत्रकं भरली. शेवटी एसटीची वेळ झाली.

सकाळी मुख्याध्यापकांनी यादी उजेडाकडं धरली. वळ त्यांना दिसला. "ही का कमी केली?"

"सर, तिची चूक नाही. मला शिकवता आलं नाही." हे वाक्य मी एसटीत वीस वेळा घोकलं होतं, तरी मध्येच अडखळलो.

त्यांनी यादी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "ठीक. पण ती नापास झाली, तर फाटकावरची पाटी शिडी लावून तुम्ही स्वतः उतरवायची. मी शिपायाला सांगणार नाही."

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास आरतीच्या शेजारी बसायचो. तिला बीजगणितात अडलं की निम्म्या वेळा मलाही अडलेलं असे. "मलाही नाही येत, बघूया," असं पहिल्यांदा म्हणालो तेव्हा आता आकाश कोसळतं की काय असं वाटलं. काही कोसळलं नाही. आरतीनं फक्त वही माझ्याकडं सरकवली. त्या वर्षी मी पहिल्यांदा गणित शिकलो.

निकालाच्या दिवशी दुपारी एकला मोबाइल घेऊन आम्ही सगळे बसलो. साइट उघडेना. चाक नुसतं फिरत होतं. फाटकावरच्या पाटीकडं माझी पाठ होती. सर शेजारी बसून पेरांवर काहीतरी मोजत होते. पाऊण तासानं उघडली. आरतीला गणितात बेचाळीस. शाळेचा निकाल शंभर टक्के. मी खुर्चीतच मान खाली घालून बसलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी पेढे वाटले, माझ्या पाठीवर थाप मारली. सरांनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि विचारलं,

"त्या चौघांचा निकाल कुणी बघितला का?"

बैठक क्रमांकच कुणाकडं नव्हते. ते फॉर्म भरून परीक्षेला बसले होते की नाही हेही कुणाला माहीत नव्हतं. सरांनी चपला उचलल्या आणि पाचवीच्या वर्गाकडं गेले.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोपाला शाल, श्रीफळ, भाषणं. त्यांना चार शब्द बोला म्हणून आग्रह झाला. उठले आणि म्हणाले, "मला आजून मोठा भागाकार नीट जमत न्हाय," आणि खाली बसले. लोकांना तो विनोद वाटला. जाताना डबा माझ्या टेबलावर ठेवून गेले. वर चिठ्ठी नाही, काही नाही. त्यानंतर बारामतीच्या बाजारात एकदा भेटले, हातात मेथीची पेंडी. तब्येत वगैरे मी विचारली. त्यांनी एवढंच विचारलं, "बसता का आजून?" मी हो म्हणालो. ते पूर्ण खरं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं.

आरती बारामतीत एका दवाखान्यात नर्स आहे. आईला दाखवायला गेलो तेव्हा भेटली. मी तिला तो दिवस, ते चाळीस गुंठे, हिरवा खोडरबर असं सगळं सांगितलं. "असं झालं व्हतं व्हय, सर?" म्हणाली, आणि हसून आईचा रक्तदाब घ्यायला वळली. तिला काहीच आठवत नव्हतं. यादीत आपलं नाव होतं हे तर तिला तोवर कळलंच नव्हतं.

आता मुख्याध्यापक नवे आहेत. यादी मोबाइलवर येते, तिथल्या तिथं भरून पाठवायची, खोडरबर लागत नाही. यंदा तीन नावं आहेत. दोघांजवळ बसून झालं, त्यांचा फाटा सापडला. तिसऱ्या पोरीचा अजून सापडत नाही. उद्या यादी द्यायची आहे. उद्या सकाळी पुन्हा बसतो.

त्या चौघांतला एक ट्रॅक्टर चालवतो. हंगामात एसटीला आडवा येतो, काचेतून मला ओळखतो आणि हात वर करून ओरडतो, "सर, बरं हाय का?" मीही हात वर करतो. बाकीचे तिघं कुठं आहेत मला माहीत नाही. पण चौघांचीही नावं, ज्या क्रमानं लिहिली त्याच क्रमानं, मला अजून म्हणता येतात. पाठांतर माझं पहिल्यापासून चांगलं आहे.